सुई टोचली आणि मावशी गप्प राहिल्या : नाशिकच्या दवाखान्यांत काम करणाऱ्यांनी इथे बोला

गोदाकाठची_सिस्टर
सोमवार, रात्री १०.४०

मी नाशिकमध्ये एका खाजगी रुग्णालयात इनचार्ज सिस्टर आहे. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) होऊन १९ वर्षं झाली. रुग्णालयाचं नाव लिहिणार नाही, कृपया विचारू नका.

गेल्या गुरुवारची गोष्ट. संध्याकाळी सातला हँडओव्हर, म्हणजे पुढच्या ड्युटीला काम सोपवणं, चालू होतं. आमच्या वॉर्डाची सफाई करणाऱ्या मावशी पाण्याचा जग भरून ठेवत होत्या, तेव्हा त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला पट्टी दिसली. सहज विचारलं. "भाजी चिरताना कापलं," म्हणाल्या. मी सोडूनही दिलं असतं, पण ती पट्टी आमच्या ड्रेसिंग ट्रॉलीवरच्या रोलची होती. घरी कापलं असतं तर पट्टी घरचीच असती. बाजूच्या खोलीत नेलं, दार लावलं, तेव्हा कुठे बोलल्या.

सकाळी साडेनऊला रक्त लागलेल्या कापूस-पट्ट्यांच्या कचऱ्याची पिवळी पिशवी बांधत होत्या. पिशवी फुगलेली, म्हणून हाताने जरा दाबली. आतल्या कापसाच्या बोळ्यात स्कॅल्पची (शिरेत लावायची बारीक) सुई होती. ग्लोव्हमधून आरपार. रक्त आलं. त्यांनी बोट पिळलं, स्पिरिटचा बोळा दाबला, पट्टी लावली आणि पुढच्या वॉर्डचा केर काढायला गेल्या. साडेनऊ ते सात. साडेनऊ तास हे बोट घेऊन त्या आमच्यातच वावरत होत्या आणि आम्हाला पत्ता नव्हता.

"अहो, सांगितलं का नाही?"

"मागं त्या दुसरीला टोचलं तर सगळ्यांपुढं ओरडले ना ताई. नीट बघून काम करता येत नाही का म्हणे. मग ठेकेदारानं तिला दुसरीकडं धाडलं. मला इथून घर जवळ पडतं."

हे ऐकल्यापासून मला झोप नीट लागलेली नाही. त्या पिशवीत सुई मावशींनी टाकली नव्हती. सुई जाते पांढऱ्या, न भेदल्या जाणाऱ्या डब्यात. हे आम्ही शिकलेल्या लोकांनी पाळायचं. आमच्यापैकी कोणीतरी ते पाळलं नाही, टोचलं मात्र मावशींना, आणि ओरडा बसेल या भीतीने गप्पही त्याच बसल्या.

हात साबणाने धुवायला लावला, आमच्या सरांना फोन केला आणि रिक्षाने सिव्हिलला गेलो. पिशवीत अकरा पेशंटचा कचरा होता, त्यामुळे सुई कोणाची ते कळणं शक्यच नव्हतं. कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, बेसलाईनची (सुरुवातीची) रक्ततपासणी लिहिली, आणि सव्वाआठच्या सुमारास पेपचा पहिला डोस पोटात गेला. पेप म्हणजे एचआयव्ही शरीरात रुजू नये म्हणून घ्यायच्या गोळ्या.

मग त्यांनी विचारलं, "हिपॅटायटिस बीची लस झाली आहे का?"

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. सात वर्षं झाली त्यांना आमच्याकडे. एकही डोस नाही. माझे तीन डोस झालेत, आमच्या सगळ्या सिस्टरांचे झालेत. आमचा कचरा जी बाई उचलते तिचा झालेला नाही, कारण ती ठेकेदाराची. सात वर्षांत हा प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता. ही चूक माझी आहे.

म्हणून धागा काढला. तुमच्याकडे सुई टोचली तर काय करतात? कोणाला सांगतात? मावशी-मामांना लस दिली आहे का? आणि टोचलेली माणसं खरंच सांगतात का?

---

पंचवटीकर_डॉक्टर
सोमवार, रात्री ११.२५

सिस्टर, सातला कळल्यावर सव्वाआठला डोस मिळाला, हे चांगलं झालं. पेप जितक्या लवकर तितकं बरं. शक्यतो दोन तासांच्या आत, आणि ७२ तासांनंतर उपयोग नाही. कोणी शनिवारी टोचल्यावर "सोमवारी बघू" म्हणत असेल तर त्याला हे ७२ तास सांगा.

वाचणाऱ्यांसाठी नीट लिहितो, कारण यात चुकीच्या सवयी फार आहेत.

टोचल्यावर बोट पिळायचं नाही. तोंडात घालायचं नाही. स्पिरिट, डेटॉल, हायपो (सांडलेलं रक्त पुसायचं जंतुनाशक) काही ओतायचं नाही. आपल्याला वाटतं की पिळलं म्हणजे विषारी रक्त निघून जाईल. तसं होत नाही, उलट तिथल्या पेशींना इजा होते. वाहतं पाणी आणि साधा साबण, बस. डोळ्यात रक्त उडालं तर स्वच्छ पाण्याने किंवा नॉर्मल सलाईनने डोळा धुवत राहायचं. लेन्स असेल तर लेन्स डोळ्यात ठेवूनच आधी धुवायचं, मग काढायची.

भीती कशाची किती बाळगावी तेही सांगतो. पेशंट एचआयव्ही पॉझिटिव्ह असेल आणि त्याची सुई टोचली, तर लागण होण्याची शक्यता हजारात तीन. हिपॅटायटिस सीची शंभरात दोनपेक्षा कमी. आणि हिपॅटायटिस बीची, लस न घेतलेल्या माणसाला, शंभरात सहापासून तीसपर्यंत. सगळे घाबरतात एचआयव्हीला. खरा धोका बीचा मोठा आहे, आणि लस नेमकी त्याच्यावरच आहे. हा विषाणू वाळलेल्या रक्तात बाहेर किमान सात दिवस तग धरतो. मावशी पुसतात त्या ट्रॉलीवरच्या वाळलेल्या थेंबातही तो असू शकतो.

लस नसेल आणि पेशंट बी पॉझिटिव्ह निघाला तर लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिनचं (तयार अँटीबॉडीचं) इंजेक्शनही लागतं, दोन्ही वेगवेगळ्या जागी. ते शक्यतो २४ तासांत, फार तर सात दिवसांत. मावशींच्या बाबतीत पेशंट माहीत नाही, तेव्हा लस तरी त्याच दिवशी सुरू झाली का?

---

गोदाकाठची_सिस्टर
सोमवार, रात्री ११.४०

हो डॉक्टर, त्याच रात्री पहिला डोस दिला. टीडीचं (धनुर्वाताचं) इंजेक्शनही दिलं. इम्युनोग्लोब्युलिनबद्दल सरांनी दुसऱ्या दिवशी फिजिशियनशी बोलून निर्णय घेतला.

गोळ्यांबद्दल थोडं सांगाल का? मावशींना दुसऱ्या दिवशी मळमळ झाली आणि त्या बंद करायच्या म्हणत होत्या.

---

पंचवटीकर_डॉक्टर
मंगळवार, सकाळी ७.०५

बंद करू देऊ नका. २८ दिवस पूर्ण व्हायलाच हवेत. सध्या टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर ही तीन औषधं मिळून एकच गोळी असते, रोज एक. मळमळ, डोकेदुखी, झोप उडणं असं पहिल्या आठवड्यात होतं आणि बहुतेकांचं कमी होतं. जेवणानंतर घेतली तर सोसते.

एक गोष्ट हमखास राहून जाते. त्या लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या घेतात का विचारा. आपल्याकडे चाळिशीच्या बायका सर्रास घेतात. लोह, कॅल्शियम, अँटासिड यांच्यासोबत डोल्युटेग्राव्हिर नीट शोषलं जात नाही. पेपची गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायची.

तपासण्या सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी. तोपर्यंत रक्तदान नाही, आणि नवऱ्याशी संबंधात निरोध. हे त्यांना तुम्हीच सांगा, पुरुष डॉक्टरने वॉर्डात उभं राहून सांगू नये.

---

आडगाव_इंटर्न
मंगळवार, दुपारी २.१५

नाव बदलून लिहितेय.

मला दोन महिन्यांपूर्वी टोचलं होतं. नाईट, पहाटेचे तीन. एबीजी (धमनीतल्या रक्ताचा नमुना) घेतली आणि सुईला दोन्ही हातांनी टोपण लावायला गेले. टोपण चुकलं, सुई डाव्या अंगठ्यात. लावायचं नसतं हे माहीत होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण बेडपाशी डबा नव्हता, आणि उघडी सुई हातात घेऊन अंधाऱ्या वॉर्डातून चालायची भीती वाटली.

मी कोणाला सांगितलं नाही. सकाळी राऊंडला सरांनी विचारलं असतं की टोपण का लावलंस, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. पेशंटची फाईल चोरून बघितली, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, तिन्ही रिपोर्ट निगेटिव्ह होते, मग श्वास घेतला. पण फाईल बघेपर्यंतचे ते चार तास मी विसरणार नाही. मी डॉक्टर होणार आहे, मला इंग्रजी गाईडलाईन वाचता येते, तरी मी लपवलं. मावशींचं मला पूर्ण समजतं.

प्रश्न : माझे लसीचे तीन डोस झालेत. टायटर, म्हणजे लसीने प्रतिकारशक्ती आली का ते बघायची रक्ततपासणी, करायला हवं का?

---

पंचवटीकर_डॉक्टर
मंगळवार, दुपारी ३.३०

हो. ०, १ आणि ६ महिने असे तीन डोस झाल्यावर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर करायचं. १० किंवा वर आलं की तू सुरक्षित. काहींच्या शरीरात तीन डोसनंतरही प्रतिकारशक्ती तयार होत नाही, आणि ते टायटर केल्याशिवाय कळत नाही.

तू लिहिलंस ते बरं केलंस. टोपण लावणं अगदीच टळत नसेल तर ते ट्रेमध्ये आडवं ठेवून एकाच हाताने सुईवर उचलायचं, दुसरा हात पाठीमागे. पण खरं उत्तर तुझ्याच वाक्यात आहे : बेडपाशी डबा नव्हता.

---

सातपूर_कॉलनी
मंगळवार, रात्री ९.१०

माझी बायको स्टाफ नर्स आहे. हा धागा तिला वाचून दाखवला. तिने सांगितलं की तिला आतापर्यंत तीनदा टोचलंय. लग्नाला अकरा वर्षं झाली, मला आज कळलं.

उद्या खरंच आजार झाला तर काही भरपाई मिळते का? कोणाला माहिती असेल तर लिहा.

---

व्यवस्थापन_एनएसके
बुधवार, सकाळी १०.२०

मी एका रुग्णालयात अॅडमिनचं काम बघतो. माझं मत थोडं वेगळं आहे. पिवळ्या पिशवीत सुई टाकणं हा निष्काळजीपणा आहे आणि तो करणारा सापडलाच पाहिजे. आम्ही ट्रीटमेंट रूममध्ये कॅमेरा लावला आहे. एकाचा पगार कापला की बाकीचे आपोआप सुधारतात. तुम्ही शोध घेतला की नाही?

---

गोदाकाठची_सिस्टर
बुधवार, रात्री ११.००

शोध घेतला, पण माणसाचा नाही. सुईचा घेतला.

शुक्रवारी सकाळी मी आणि आमची एक ज्युनिअर सिस्टर शेवटच्या बेडपासून पांढऱ्या डब्यापर्यंत चाललो. डबा नर्सिंग स्टेशनच्या मागे, कोपऱ्यात. ३४ पावलं. म्हणजे स्कॅल्प काढली की ती किडनी ट्रेमध्ये, ट्रेमध्ये कापसाचे बोळे, वाटेत दुसऱ्या पेशंटचा नातेवाईक थांबवतो, "सिस्टर, सलाईन संपत आलंय." ट्रे ट्रॉलीवर ठेवून ती तिकडे जाते. दुसरी सिस्टर ट्रॉली आवरायला येते, तिला कापूस दिसतो, कापसातली सुई दिसत नाही. अख्खा ट्रे पिवळ्या पिशवीत उलटा होतो. सांगा, पगार कोणाचा कापू? जिने सुई ठेवली तिचा, जिने ट्रे उलटा केला तिचा, की ज्याने डबा ३४ पावलांवर ठेवला त्याचा?

आणि डबा उघडला तर गळ्यापर्यंत भरलेला. तीनचतुर्थांश भरला की बंद करायचा असतो. दोन दिवस तसाच होता, कारण नवा डबा स्टोअरमधून मागवायला सही लागते आणि सही करणारे सुट्टीवर होते. भरलेल्या डब्यात कोण बोट घालून सुई कोंबणार?

कॅमेऱ्याने तुम्हाला सुई टाकणारी सिस्टर दिसेल. पण ज्या दिवशी पगार कापाल त्या दिवसापासून टोचलेलं कोणी सांगणार नाही, आणि पेपचे ७२ तास रिकामे जातील. आमच्याकडे तेच झालं होतं. एकदा सगळ्यांसमोर ओरडलं गेलं, पुढच्या वेळी मावशी गप्प राहिल्या.

आता डबा ट्रॉलीवरच बसवला आहे. ट्रॉली बेडपर्यंत जाते, डबाही जातो.

---

व्यवस्थापन_एनएसके
गुरुवार, सकाळी ९.४५

सहीचा मुद्दा आमच्याकडेही तसाच आहे. डब्यांसाठी वॉर्डालाच आगाऊ साठा द्यायला सांगतो. पगार कापण्याबद्दलचं माझं म्हणणं मी मागे घेतो. आमच्याकडे गेल्या वर्षभरात एकही प्रिक (सुई टोचल्याची घटना) नोंदलेला नाही. आजवर मी हे चांगलं लक्षण समजत होतो.

---

सिडको_क्लिनिक
गुरुवार, दुपारी १.३०

मी सिडकोत जनरल प्रॅक्टिस करतो. एक खोली, एक कंपाउंडर, बेड नाही. रुग्णालयांचं ठीक आहे, पण आमच्यासारख्यांनी चार रंगांच्या पिशव्या, बारकोड, कचरा नेणाऱ्यांचे महिन्याचे पैसे, कंपाउंडरची लस हे सगळं कुठून करायचं? तपासणी फी वाढवली तर पेशंट समोरच्या गल्लीत जातो. कुरकुर म्हणून लिहीत नाही, खरंच अडचण आहे.

---

कायदा_वाचते
गुरुवार, रात्री ८.५०

सिडकोचे डॉक्टर आणि सातपूरचे दादा, दोघांना एकत्र उत्तर देते. मी वकील नाही, एका नर्सिंग कॉलेजमध्ये शिकवते, पण हा भाग मुलींना दरवर्षी शिकवते.

जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६चे नियम बेड नसलेल्या क्लिनिकलाही लागू आहेत. लसीकरण शिबिर, रक्तदान शिबिर, सगळे त्यात येतात. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं, कामावर घेताना आणि नंतर वर्षातून एकदा तरी आरोग्य तपासणी आणि प्रशिक्षण देणं, ही जागा चालवणाऱ्याची जबाबदारी आहे. माणूस ठेकेदाराचा आहे म्हणून ती टळत नाही. टोचण्याच्या घटना वार्षिक अहवालात द्यायच्या असतात.

दुसरा कायदा फार कमी लोकांना माहीत असतो. एचआयव्ही आणि एड्सचा २०१७चा कायदा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. जिथे कामात एचआयव्हीशी संपर्काचा मोठा धोका आहे तिथे ग्लोव्ह्जसारखी साधनं, प्रशिक्षण आणि टोचल्यावर पेप देणं संस्थेवर बंधनकारक आहे. पेपचे पैसे मावशींच्या पगारातून कापता येणार नाहीत.

भरपाईचं असं आहे दादा. १९२३च्या भरपाई कायद्यात व्यावसायिक आजारांची यादी होती, ती आता २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. संसर्गाचा विशेष धोका असलेल्या कामातून झालेले संसर्गजन्य आजार त्या यादीत पहिल्याच ओळीत आहेत. पण आजार कामातूनच झाला हे दिसावं लागतं. त्यासाठी दोन कागद लागतात : टोचल्याच्या दिवशीची नोंद, आणि त्याच सुमाराची निगेटिव्ह तपासणी. तुमच्या पत्नीला तीनदा टोचलं आणि एकदाही लिहिलं गेलं नाही, म्हणजे कायद्यापुढे ते घडलंच नाही. पुढच्या वेळी गप्प राहू देऊ नका.

डॉक्टर, पिशव्यांचा खर्च माझ्याकडून कमी होणार नाही. पण कंपाउंडरची लस हा तीन डोसचा खर्च आहे, आयुष्यात एकदा. तिथून सुरुवात करता येईल. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात आरोग्य कर्मचाऱ्यांच्या लसीचा विचार केलेला आहे. सिव्हिलला चौकशी करून बघा.

---

सिडको_क्लिनिक
गुरुवार, रात्री १०.१५

कंपाउंडरला आज विचारलं. १४ वर्षं आहे माझ्याकडे. लस झालेली नाही. शनिवारी पहिला डोस देतो.

---

लॅब_ओझर
शुक्रवार, सायंकाळी ६.४०

हायपोबद्दल लिहितो, कारण मावशींचा सगळ्यात जास्त संबंध त्याच्याशी येतो आणि त्यांना ते कोणी शिकवत नाही.

बाजारात येणारं सोडियम हायपोक्लोराइट कधी ५ टक्के असतं, कधी १० टक्के. कॅनवर बघा. सांडलेल्या रक्तासाठी १ टक्का लागतं. १० टक्क्यांचं असेल तर एक भाग हायपो, नऊ भाग पाणी. ५चं असेल तर एकाला चार. रोज ताजं करायचं. उन्हात, उघड्या बादलीत ठेवलेलं कालचं हायपो म्हणजे नुसतं वास येणारं पाणी. रक्त सांडलं की आधी कागद किंवा कापड टाकून झाकायचं, वरून हायपो, दहा मिनिटं थांबायचं, मग पुसायचं. थेट फडक्याने पुसलं तर रक्त फरशीभर पसरतं.

आणि हायपो कधीच अॅसिडमध्ये मिसळू नका. माझ्या आधीच्या नोकरीत एका मावशींनी संडास लख्ख व्हावा म्हणून टॉयलेट क्लीनर आणि हायपो एकत्र ओतलं. क्लोरीन वायू झाला. दार लावलेलं होतं. खोकत, डोळे चोळत बाहेर आल्या, दोन दिवस ऑक्सिजनवर होत्या. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. दोन्ही कॅन सारख्याच निळ्या रंगाचे होते. आता मी जिथे आहे तिथे दोन कॅन वेगवेगळ्या खोल्यांत ठेवतो आणि त्यांच्यावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिलंय.

---

सुरगाणा_पीएचसी
शनिवार, रात्री ९.२०

सुईचं चालू आहे, पण आमच्याकडे मोठी भीती हवेची आहे. टीबी.

थंडीत डोंगरात पारा उतरला की ओपीडीच्या खिडक्या बंद. आत ४० माणसं, त्यांतले दहा खोकणारे. गेल्या वर्षी आमच्या एका सिस्टरला टीबी निघाला. सहा महिने औषधं घेतली, आता बरी आहे, पण तिचं बाळ लहान होतं आणि सुरुवातीचे दिवस तिने त्याला सासूकडे ठेवलं. ते दिवस तिने कसे काढले ते मी बघितलंय.

आम्ही जे बदललं ते जवळजवळ फुकटचं आहे. खोकणाऱ्याला आधी बाहेर पडवीत बसवायचं आणि आधी तपासायचं. थुंकीचा नमुना संडासात किंवा खोलीत घ्यायचा नाही, उघड्यावर, लोकांपासून दूर घ्यायचा. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्याच ठेवायच्या, थंडी वाजली तर स्वेटर घालायचा. टेबल असं फिरवलं की हवा आमच्या पाठीकडून पेशंटकडे आणि तिकडून खिडकीबाहेर जाते. आधी उलटं होतं. पेशंटचा खोकला पंखा आमच्या तोंडावर आणून सोडत होता.

मास्कचं लोक उलटं करतात. साधा सर्जिकल मास्क पेशंटला द्यायचा, म्हणजे त्याचे थेंब अडतात. आपण एन९५ घालायचा. आणि एन९५ चेहऱ्याला चिकटला पाहिजे. घातल्यावर दोन्ही हात लावून फुंकर मारून बघा, कडेने हवा निसटली तर उपयोग नाही. दाढी असेल तर तो बसतच नाही. आमच्या मामांनी त्यासाठी २० वर्षांची दाढी काढली.

---

तपोवन_२०१५
रविवार, सकाळी ८.३०

सुरगाणाच्या सिस्टर, टेबल फिरवण्याचं आजच करते.

२०१५च्या सिंहस्थात मी साधुग्रामजवळच्या तात्पुरत्या केंद्रात ड्युटी केली होती. पत्र्याची शेड, ड्रेसिंगची रांग, आणि हात धुवायला नळ फार लांब. तिथे कळलं की बेसिन लांब असलं की माणूस हात धुवत नाही, कितीही शिकवा. हँडरबची (हातावर चोळायच्या जंतुनाशकाची) बाटली खिशात आली तेव्हा हात स्वच्छ राहू लागले. हात दिसायला स्वच्छ असेल तर हँडरब २० ते ३० सेकंद. रक्त, माती लागलेली असेल तर साबणपाणीच, ४० ते ६० सेकंद. आणि ग्लोव्ह काढल्यावरही हात धुवायचे.

२०२७चा सिंहस्थ तोंडावर आहे. पुन्हा शेकडो तात्पुरती माणसं केंद्रांवर लागतील, सफाईला लागतील. लसीचे तीन डोस पूर्ण व्हायला सहा महिने लागतात. त्यांची लस आत्ता सुरू झाली तरच वेळेत होईल. हे कोणाच्या कानावर घालायचं, सुचवा.

---

घंटागाडी_वडील
रविवार, दुपारी ४.१०

माझे वडील घंटागाडीवर होते. दवाखान्यातला नाही, घराघरातला कचरा. त्यांना दोनदा सुई टोचली. घरी इन्सुलिन घेणारे लोक सुया ओल्या कचऱ्यात टाकतात, आणि वर्गीकरण करताना हात आत जातो. त्यांना पेप वगैरे कोणी सांगितलं नाही. हळद लावली.

सगळ्यांना विनंती. तुमच्या घरी आई-बाबा इन्सुलिन घेत असतील तर सुया जाड प्लास्टिकच्या बरणीत साठवा, झाकण घट्ट लावा, वर "सुया" असं लिहा, आणि गाडीवाल्याच्या हातात वेगळी द्या. तोंडाने सांगा की यात सुया आहेत. एवढंच.

---

पंचवटीकर_डॉक्टर
रविवार, सायंकाळी ५.००

ताई, वडिलांची हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी झाली आहे का? झाली नसेल तर करून घ्या, किती वर्षं झाली तरी. सीवर आता १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेक सगळे पूर्ण बरे होतात, आणि सरकारी कार्यक्रमात ते उपचार मोफत आहेत. एचआयव्हीबद्दल काही विचारायचं असेल तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे, मराठीतही बोलतात.

---

घंटागाडी_वडील
रविवार, सायंकाळी ५.२५

नाही झाली. या आठवड्यात घेऊन जाते.

---

गोदाकाठची_सिस्टर
सात आठवड्यांनंतर, शुक्रवार, रात्री ९.५०

धागा खाली गेला होता, वर आणते आहे, कारण अनेकांनी मावशींबद्दल विचारलं.

२८ दिवसांच्या गोळ्या पूर्ण झाल्या. सहा आठवड्यांच्या तपासण्या निगेटिव्ह. अजून तीन महिन्यांची आणि सहा महिन्यांची बाकी आहे. लसीचा दुसरा डोस झाला. त्यांच्याखेरीज आणखी नऊ जणांना पहिला डोस दिला : बाकीच्या सगळ्या मावशी, दोन मामा, आणि लिफ्टवरचे काका, कारण पिशव्या लिफ्टनेच खाली जातात. पैसे रुग्णालयाने दिले. ठेकेदाराने आधी नाही म्हटलं, मग २०१६च्या नियमाची प्रत टेबलावर ठेवली. कायदा_वाचते, तुमचे आभार.

प्रिकची एक वही केली आहे. पहिल्या पानावर आमच्या सरांच्या सहीने लिहिलंय की या वहीत नोंद करणाऱ्याला कोणीही, कधीही बोलणार नाही. सात आठवड्यांत चार नोंदी झाल्या. मागच्या पूर्ण वर्षात एक होती.

आज पाचवी झाली, ती माझी. इंजेक्शन देताना पेशंटने हात झटकला आणि सुई माझ्या तर्जनीत. मी एवढी वर्षं काम करते, तरी पहिल्या क्षणी दुसऱ्या हाताने बोट धरून दाबायला लागले. मावशी बाजूला फडकं मारत होत्या. त्यांनी माझं मनगट धरलं, बेसिनपाशी नेलं, नळ सोडला आणि म्हणाल्या, "दाबू नका ताई. पाणी सोडा नुसतं."

सकाळी ९.१०ला टोचलं, ९.१२ला हात धुतला, पेशंटला समजावून त्यांच्या संमतीने ९.४०ला रक्त पाठवलं, दुपारी तिन्ही रिपोर्ट निगेटिव्ह आले. माझं टायटर मात्र मी कधीच केलेलं नव्हतं. आज केलं, उद्या रिपोर्ट येईल.